कुठे आणि कशाला?

कोल्हापूरच्या स्टेशनावर तिकीटखिडकीपुढे उभे राहिले की आतला माणूस एकच प्रश्न विचारतो, "कुठे?" आपण म्हणतो, "जयसिंगपूर, एक." तो पैसे घेतो, तिकीट सरकवतो, पुढच्याकडे बघतो. "कशाला?" असे तो कधीच विचारीत नाही. माणूस लग्नाला निघालाय की मयतीला, दवाखान्यात निघालाय की उसने पैसे मागायला, भांडून माहेरी निघालेली सून आहे की नुसताच चार घटका मन रमवायला निघालेला म्हातारा, याच्याशी खिडकीला देणेघेणे नसते. इतकी वर्षे आम्ही या खिडकीपुढे उभे राहिलो, पण न विचारलेल्या त्या प्रश्नात माणसाची केवढी इज्जत राखली जाते हे कधी ध्यानात आले नव्हते. ते आले २०२० साली. खिडकी बंद झाली आणि "कशाला?" हे विचारायचे काम आमच्याच गळ्यात पडले तेव्हा.

२२ मार्च २०२० रोजी जनता कर्फ्यू झाला आणि त्याच दिवशी देशभरातल्या प्रवासी गाड्या थांबल्या. २४ मार्चच्या मध्यरात्रीपासून देशांतर्गत विमानेही जमिनीवर आली. आमचे स्टेशन म्हणजे श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनस. नावातच टर्मिनस. इथून पुढे रूळ नाहीत. गाडी मिरजेकडून येते, थांबते आणि उलटी मिरजेकडेच जाते. त्यामुळे मिरजेचा रस्ता मिटला की आमचा रेल्वेपुरता जगाशी संबंध मिटतो. तशी कोल्हापूरकराला अडकून पडण्याची सवय आहे. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेने हायवे गिळला तेव्हा शहर असेच बेट झाले होते. पण पुराचे पाणी डोळ्यांना दिसते, आणि ते ओसरणार हेही माहीत असते. शिवाय पूर कुणाला "तुझे काम काय?" असे विचारून अडवीत नाही.

कोल्हापूर ते मिरज ही वाट अवघी ४७ किलोमीटरची. गूळ मार्केट, वळिवडे, रुकडी, हातकणंगले, निमशिरगाव-तमदलगे, जयसिंगपूर आणि मग कृष्णा ओलांडली की मिरज. १८९१ साली संस्थानच्या काळात हा मार्ग सुरू झाला. या वाटेवरच्या पॅसेंजरमध्ये कोण बसते हे एकदा बसून बघण्यासारखे आहे. मिरजेच्या दवाखान्यांत निघालेले पेशंट आणि त्यांचे डबे. भाजीच्या पाट्या. कॉलेजची पोरे. मीरासाहेबांच्या दर्ग्याला निघालेल्या बायका. बांगड्यांची पेटी मांडीवर घेतलेला माणूस. या माणसांना विमानतळ कुठे आहे हे ठाऊक असते, कारण त्यांच्यातले काही उजळाईवाडीच्या आसपासच राहतात. पण विमान हे त्यांच्यासाठी वर बघायची गोष्ट. खाली त्यांची गाडी एकच.

आता आमच्या गळ्यात पडलेल्या कामाविषयी. शाळा बंद होत्या. शिक्षकांना सर्वेक्षण, रेशन दुकान, विलगीकरण केंद्र, नाके अशी कामे लागत होती. आमची नेमणूक कृष्णेच्या पुलाजवळच्या एका नाक्यावर झाली. पोलीस गाडी थांबवीत आणि आम्ही शिक्षक टेबलामागे बसून नोंदवही भरीत असू. नाव, गाव, वाहन क्रमांक, पासचा क्रमांक. शेवटचा रकाना "प्रवासाचे कारण". आम्ही आयुष्यभर मुलांना कारणे द्या, कारणे लिहा असे सांगत आलो. तिथे आम्हाला माणसांची कारणे तपासायची होती आणि बरोबर-चूक करायचे होते.

जूनमधल्या एका दुपारी मिरजेकडून एक बाई आली. वय पन्नाशीच्या पुढे, बुरखा, हातात कापडी पिशवी. पुतण्याने मोटारसायकलवरून आणले होते. आमच्या तोंडचे "वालेकुम सलाम" ऐकून तिला धीर आला असावा. म्हणाली, "सर, जयसिंगपूर में बेटी की पैली जचगी है. सास नै उसकू. कोई नै घर में." पिशवीत मेथीचे लाडू, जुने धुतलेले सुती कपडे आणि एक तावीज होता. पास नव्हता. पासाच्या अर्जात मृत्यू होता, वैद्यकीय आणीबाणी होती, अडकून पडलेल्यांची सोय होती. पोरीचे पहिले बाळंतपण ही कुठल्या रकान्यातली गोष्ट? दवाखान्याचा कागद आहे का, असे आम्ही विचारले. कागद पोरीकडे होता. पोरगी दहा-बारा किलोमीटरवर होती. पोलीसदादा आमच्याकडे बघत होते. म्हणजे निर्णय आमचा होता. मागे वाहनांची रांग लागली होती. आम्ही म्हणालो, "खाला, नियम आहे. घर जाइए."

ती हुज्जत घालील असे वाटले होते. तिने घातली नाही. पिशवी पुतण्याच्या हातात दिली, मग परत घेतली आणि गाडीवर बसून निघून गेली. तिच्या मागच्या चारचाकीत एक गृहस्थ होते. त्यांच्याकडे पास होता. कारण "वैद्यकीय". दिसायला ठणठणीत होते. आम्ही क्रमांक लिहिला आणि सोडले.

एरवी हाच प्रवास दहा रुपयांचा. मिरजेला पॅसेंजरमध्ये बसायचे आणि पुढच्याच स्टेशनला उतरायचे.

आम्ही काही बंदीच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो. साथीत प्रवास रोखणे हे पाप आहे असे म्हणणारे आमच्यातही निघाले होते. तकदीर में होगा सो होगा, असे म्हणत ते फिरत होते. त्यांच्यासाठी इतिहासात उत्तर आहे, आणि ते आपल्याच घरचे आहे. हजरत उमर शामच्या वाटेवर सरग या ठिकाणी पोहोचले तेव्हा पुढे अमवासची साथ पसरल्याचे कळले. त्यांनी सोबतच्यांशी मसलत केली. मतभेद झाले. शेवटी परत फिरायचे ठरले. सेनापती अबू उबैदांनी विचारले की अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय? उमर यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा, की होय, एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडे जातो आहोत. मग त्यांनी उंट चारणाऱ्याचा दाखला दिला. एक उतार हिरवा आणि दुसरा उजाड असेल तर तो हिरव्या उताराकडे उंट नेतो, आणि दोन्ही उतार अल्लाहचेच. पुढे अब्दुर्रहमान बिन औफ आले आणि त्यांनी पैगंबरांचे मार्गदर्शनच सांगितले: जिथे साथ आहे तिथे जाऊ नये, आणि आपण आहोत तिथे साथ आली तर तिथून पळू नये.

ही गोष्ट २०२० साली प्रत्येक मोबाईलवर फिरली. पण तिचा उत्तरार्ध फारसा कुणी पाठवला नाही. उमर यांनी नंतर अबू उबैदांना पत्र पाठवून बोलावून घ्यायचा प्रयत्न केला. त्यांचा जीव वाचावा हा हेतू अबू उबैदांनी ओळखला. आपल्या फौजेला मागे टाकून एकट्याने निघायला त्यांनी नकार दिला, आणि त्याच साथीत ते गेले. नियम शिपायाला लागू होता तसाच सेनापतीला. सुटायची वाट उघडी असताना सेनापतीने ती घेतली नाही. बंदीला नैतिक वजन येते ते इथून. अडवणारा आणि अडवला जाणारा एकाच दोरीने बांधलेले असले की बंदी सहन होते.

आपल्याकडे दोऱ्या वेगवेगळ्या होत्या. २५ मे २०२० ला देशांतर्गत विमाने पुन्हा उडू लागली. १ जूनपासून देशभर दोनशे रेल्वेगाड्या धावू लागल्या, पण महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात रेल्वेने जायला परवानगी नव्हती. मुंबईहून लखनौ गाठता येत होते, कोल्हापूर नाही. २० ऑगस्टपासून जिल्ह्याबाहेर एसटी निघाली, निम्म्या आसनांवर, आणि तिला पास लागत नव्हता. त्याच रस्त्यावर स्वतःच्या गाडीने जाणाऱ्याला मात्र २ सप्टेंबरपर्यंत ई-पास लागत होता. त्याच २ सप्टेंबरपासून राज्यांतर्गत रेल्वेची आरक्षणे सुरू झाली. विषाणूला या तारखांमधले काय कळत होते देव जाणे. आम्हाला एवढे कळले की ज्याचे तिकीट महाग त्याची वाट आधी मोकळी झाली, आणि पॅसेंजरचा नंबर सगळ्यांत शेवटी लागला.

हे नवे नाही. मार्च २०२० मध्ये राज्याने जो साथरोग कायदा लागू केला तो १८९७ चा, मुंबईत प्लेग आला तेव्हाचा. रेल्वेने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करायचा अधिकार त्या कायद्यात शब्दांनिशी दिलेला आहे. त्या साली मुंबई बंदरातून हजला जायलाही सरकारने बंदी घातली होती. २०२० आणि २०२१ ला भारतातून कुणी हजला गेले नाही तेव्हा आमच्या मोहल्ल्यातले बुजुर्ग "ऐसा कभी नै हुआ था" म्हणत होते. झाले होते. आपण विसरलो होतो.

आणि अडकलेला प्रवासी काही ठिकाणी नुसता अडकला नाही, गुन्हेगार ठरला. निजामुद्दीनच्या मरकजमध्ये माणसे होती, आणि काही तासांच्या सूचनेवर गाड्या आणि विमाने बंद झाली. गर्दी टाळायला हवी होती, त्यात चूक झाली, हे आम्ही मानतो. पण पुढे कित्येक आठवडे भाजीवाल्याचे नाव विचारून भाजी घेतली गेली. त्याचा त्या मरकजशी काय संबंध होता? परदेशी जमातींवरचे गुन्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी रद्द केले आणि या लोकांना बळीचा बकरा केल्याचे म्हटले. तोवर ज्याला जे बोलायचे ते बोलून झाले होते. आपल्या धर्मव्यवस्थेत जकातीचे जे आठ हक्कदार आहेत त्यांत एक मुसाफिर आहे. घरी तो श्रीमंत असला तरी वाटेत अडकला की त्याचा हक्क लागतो. वाट बंद करणाऱ्याने वाटेवरच्या माणसाची जबाबदारी घ्यावी, असा त्याचा अर्थ आम्ही तरी लावतो.

ती कुणी घेतली नाही तर काय होते हे ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ दिसले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मजूर श्रमिक गाडी मिळेल या आशेने भुसावळच्या दिशेने रुळांवरून चालत निघाले होते. थकले आणि रुळांवरच झोपले. गाड्या बंद आहेत असे त्यांना वाटत होते. पण बंद होत्या त्या माणसांच्या गाड्या. मालगाड्या चालू होत्या. सोळा जण गेले. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचे फोटो आम्ही पाहिले आणि त्या दिवशी रोजा सोडताना घरात कुणी बोलले नाही. रमजान चालू होता.

आता गरज म्हणजे काय, या मूळ प्रश्नाकडे येऊ. आपल्या उलेमांनी यावर शतकानुशतके डोके चालवले आहे. इमाम गजाली आणि त्यांच्या नंतर शातिबी यांनी माणसाच्या गरजांच्या पायऱ्या लावल्या. जरूरियात, म्हणजे जिच्याशिवाय जीव, दीन, अक्कल, वंश किंवा माल धोक्यात येतो ती गरज. हाजियात, म्हणजे जिच्याशिवाय माणूस मरत नाही, पण जगणे अवघड होते. आणि तहसीनियात, म्हणजे जिच्याने जगणे शोभून दिसते. नाक्यावरच्या आमच्या वहीत फक्त पहिली पायरी होती. खालाची गरज दुसऱ्या पायरीवरची होती. ती गेली नसती तरी पोरगी मेली नसती असे आम्ही धरून चाललो. पण बाळंतिणीचा जीव कोणत्या क्षणी दुसऱ्या पायरीवरून पहिल्या पायरीवर येतो हे टेबलामागे बसलेल्या मास्तराला कसे कळावे? ते आईला कळते. किंवा तिलाही कळत नाही, म्हणून तर ती निघते.

दुसऱ्याच्या प्रवासाला अनावश्यक म्हणणे फार सोपे असते. आपला प्रवास कधीच अनावश्यक नसतो. याची साक्ष आम्ही स्वतःच देतो. ऑगस्ट २०२० मध्ये आम्ही पती-पत्नी भाड्याची गाडी करून सोलापूरला गेलो. सासरेबुवांना भेटून पाच महिने झाले होते. ते आजारी नव्हते, एकटे होते. पास काढताना कारण "वैद्यकीय" लिहिले आणि ओळखीतून एक कागद मिळवला. नाक्यावर आमच्यासारख्याच कुणा शिक्षकाने क्रमांक लिहिला आणि सोडले. त्याने चेहऱ्याकडेही बघितले नाही. परत येताना आम्हा दोघांत त्या खालाचा विषय निघाला. मग कितीतरी वेळ निघाला नाही.

आणि याच्या उलटही घडले, ते लपवून चालणार नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात दुसरी लाट आली आणि कोल्हापूर जिल्ह्यात ती हटता हटेना. तेव्हा आमच्या नात्यातले एक चाचा निपाणीला भाचीच्या निकाहला जायचेच म्हणून हटून बसले. कर्नाटकाने कोगनोळीच्या नाक्यावर तपासणीचा अहवाल मागायला सुरुवात केली होती. ते आडवाटेने गेले. खून का रिश्ता है, म्हणाले. बारा दिवसांनी त्यांच्या घरात दोन मयती झाल्या. चाचा वाचले. ते आजही सांगतात की आजार तिथून आला नाही. आम्ही वाद घालत नाही. पण नियम मोडणाऱ्याची किंमत दुसऱ्याने मोजली हे आम्ही पाहिले आहे. म्हणून "सगळे मोकळे सोडा" असे आम्हाला म्हणवत नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे: अडवायचेच तर कुणाला, कशाने आणि कुठवर?

कशाने, हा भाग आम्हाला सर्वांत जास्त खुपतो. नाक्यावर निदान माणूस माणसाला विचारीत होता. पुढे विचारायचे काम पैशाने केले. लोकलसारख्या गाड्या परत आल्या त्या "स्पेशल" नाव लावून आणि एक्स्प्रेसचे भाडे घेऊन. पॅसेंजरचे किमान भाडे १० रुपये होते, ते ३० झाले. गाडी तीच, डबे तेच, वेग तोच. फेब्रुवारी २०२१ मध्ये रेल्वेने खुलासा केला की लोकांनी अनावश्यक प्रवास टाळावा म्हणून भाडे थोडे जास्त ठेवले आहे. या वाक्याचा अर्थ नीट बघावा. तीस रुपये देऊ शकणाऱ्याचा प्रवास आवश्यक, न देऊ शकणाऱ्याचा अनावश्यक. आमच्या वहीत निदान कारणाचा रकाना तरी होता. इथे कारण कुणी विचारलेच नाही, खिसा विचारला. ज्याचे पोट रोज जयसिंगपूर ते कोल्हापूर येण्या-जाण्यावर आहे त्याचे रोजचे वीस रुपये होते ते साठ झाले. त्याचा प्रवास टळला नाही, त्याची भाजी टळली. आणि ज्याला खरोखर हौसेने फिरायचे होते त्याला तीस रुपये कधीच जड नव्हते.

ज्येष्ठ नागरिकांची सवलत २० मार्च २०२० पासून काढली. पुरुषांना चाळीस टक्के, स्त्रियांना पन्नास टक्के मिळत असे. म्हाताऱ्यांनी घरात बसावे हा तेव्हाचा हेतू समजण्यासारखा होता. साथ संपली, म्हातारे घराबाहेर पडले, पण सवलत पुढे वर्षानुवर्षे घरातच बसली. तीस रुपयांचे दहा व्हायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. आमची सह्याद्री एक्स्प्रेस रात्री उशिरा कोल्हापुरातून निघून गावोगावी थांबत मुंबईला जायची. स्वस्तात मुंबई गाठणाऱ्यांची ती गाडी. ती मार्च २०२० ला जी थांबली ती नोव्हेंबर २०२३ मध्ये परत आली, आणि तीही पुण्यापर्यंतच.

फिक्हमध्ये दोन कायदे आहेत, आणि ते मदरशात न गेलेल्या माणसालाही पटतील असे आहेत. पहिला असा की मजबुरीत जे चालवून घ्यायचे ते मजबुरीच्या मापाचेच असावे. दुसरा असा की एखादी गोष्ट अडचणीमुळे चालवून घेतली असेल तर अडचण सरताच तीही सरते. उस्मानी तुर्कांनी एकोणिसाव्या शतकात आपला दिवाणी कायदा लिहून काढला, त्या मजल्लामध्ये ही कलमे सुरुवातीलाच घातलेली आहेत. मेलेले खाण्याची परवानगी भुकेने मरणाऱ्याला आहे. पोट भरल्यावर त्याने हॉटेल काढायचे नसते. साथीतल्या बंदीविषयी आमची तक्रार एवढीच आहे. अडचण गेली आणि तिच्या नावाने केलेली सोय मात्र कुणाच्या तरी सोयीची म्हणून राहिली.

आमच्या स्टाफरूममधले गणिताचे सर हे ऐकून म्हणाले, "तुम्ही नुसत्या भावना बोलता, हिशेब बघा." रेल्वेच्या तिकिटावर छापलेले असायचे की प्रवासखर्चाच्या सरासरी ५७ टक्केच वसूल होतात. तोटा कुणी सोसायचा? त्यांचे म्हणणे खोटे नाही. तोट्यासाठी भाडे वाढवायचे तर तोट्यासाठी म्हणून सांगावे, त्यावर चर्चा व्हावी, लोकांनी भांडावे किंवा मान्य करावे. पण "तुमच्या भल्यासाठी तुम्हाला प्रवासापासून रोखतो" असे म्हणून ते वाढवले की माणसाला भांडायलाही जागा उरत नाही. गणिताचे सर म्हणाले, "हे मात्र खरे." मग त्यांनी चहा मागवला आणि पैसे आम्ही द्यायचे ठरले.

विमानाशी आमचे वैर आहे असे कुणी समजू नये. उजळाईवाडीची धावपट्टी राजाराम महाराजांच्या काळातली, १९३९ ची. उडानसारख्या योजनेने ती जागी झाली. १० मार्च २०२४ ला नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. आमचा एक जुना विद्यार्थी हैदराबादला नोकरीला आहे. पहिल्या पगारातून त्याने अम्मीला विमानाने नेले. त्या अम्मीने परत येऊन सगळ्या मोहल्ल्याला सांगितले की वरून पंचगंगा ओढणीसारखी दिसते. सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्याला वंदे भारतही सुरू झाली. चांगलेच आहे. वरच्यांसाठी काही झाले म्हणून दुखणारे आम्ही नाही. पण विमानात बसणाऱ्याला आणि वंदे भारतात बसणाऱ्याला कुणी म्हटले नाही की तुझ्या प्रवासाची गरज सिद्ध कर. तो मान ज्याच्या त्याच्या तिकिटाच्या किमतीवर ठरू नये.

भाडे पुन्हा दहावर आले त्यानंतरच्या एका रविवारी, मार्च २०२४ मध्ये, आम्ही मिरजेला निघालो होतो. रमजान चालू होता, गाडीत गर्दी कमी होती. जयसिंगपूरला एक बाई चढली. बोटाला धरून साडेतीन-चार वर्षांचा मुलगा. तिने आम्हाला ओळखले नाही असे वाटले. आम्ही तिला पिशवीवरून ओळखले. पिशवी तीच नसेल कदाचित, पण धरण्याची तऱ्हा तीच होती. ती समोर बसली. मुलाला खिडकी हवी होती, म्हणून आम्ही सरकलो.

"कितने साल का है?" आम्ही विचारले.

"जून में चार का होंगा. कोरोना का है ये," ती म्हणाली. मग आमच्याकडे नीट बघून म्हणाली, "तुमे पूल पे थे ना, सर?"

आम्ही हो म्हणालो. पुढे काय बोलावे सुचेना. तीच म्हणाली, "इसकू मैं पैला देखी तब ये बैठता था." एवढेच. म्हणजे सहा-सात महिने. पोरीचे बाळंतपण शेजारच्या मराठा बाईने केले, पंधरा दिवस तेलपाणी तिनेच केले, हेही तिने सांगितले. तक्रारीच्या सुरात नाही. त्या बाईला या ईदला शीरखुर्मा पाठवायचा होता, आणि चांगल्या खारका मिरजेत कुठे मिळतात हे ती आम्हाला विचारीत होती.

गाडी कृष्णेच्या पुलावर आली. मुलाला नदीत टाकायला नाणे हवे होते. आम्ही खिशात हात घातला. दोनचे एक होते, ते दिले. त्याने जोरात फेकले, पण ते पुलाच्या लोखंडाला लागून रुळांवरच पडले. तो पुन्हा हात पसरून उभा राहिला. आमच्याकडे आता तिकिटाचे उरलेले दहा रुपयांचे नाणे होते. खाला "नक्को, नक्को" म्हणत होती.